लिहित्या मैत्रिणींचे प्रश्न

प्रेमकथा लिहिणाऱ्या बायका एकत्र बसून एकमेकींचं लिखाण वाचतात, अशा गटांबद्दल या सदरात मागे लिहिलं होतं. तेव्हापासून पत्रं येतच आहेत. कथेच्या तंत्राबद्दल थोडी आणि मैत्रीबद्दल बरीच. म्हणून या वेळी दुसरे प्रश्न बाजूला ठेवले आणि सगळी जागा याच पत्रांना दिली.

आम्ही पाचजणी पंधरा दिवसांनी भेटतो आणि लिहिलेलं वाचतो. माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीने तिच्या कादंबरीची पहिली प्रकरणं वाचून दाखवली. तिचा नायक नायिकेच्या मागेमागे कॉलेजपर्यंत जातो, तिचा नंबर कुणाकडून तरी काढतो, ती नको म्हणते तरी फोन करतो. मी सगळ्यांसमोर म्हणाले, 'हा नायक नाही, टवाळ पोरगा आहे.' ती गप्प बसली. आता माझा फोनही घेत नाही. गटातली एकजण म्हणते, मैत्रिणींनी कौतुकच करावं, नावं ठेवायला जग बसलंय. असं करायचं असतं का? – लातूर

कौतुकच करायचं असेल तर गट कशाला हवा? घरी चहाला बोलवावं, कौतुक करावं. तिने ती प्रकरणं तुमच्यासमोर वाचली, कारण अनोळखी वाचकाच्या हाती पडण्याआधी ती आपल्या माणसाने वाचावीत असं तिला वाटलं. तेव्हा जे खटकलं ते सांगणं तुमचं कामच होतं. आणि खटकलं तेही योग्यच. नको म्हटल्यावरही बाईचा पिच्छा पुरवणं हा 2013 पासून आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेत तो कलम 78 मध्ये येतो. आपल्या आधीच्या पिढीने असले नायक पडद्यावर पाहिले, त्यांच्यावर जीव टाकला, त्यामुळे लिहिताना ते हाताशी लगेच येतात. आजची वाचक मुलगी मात्र रात्रीच्या एसटीने एकटी येते-जाते. मागे मागे येणारा माणूस तिला चांगला माहीत आहे. त्याच्याशी तिने लग्न करावं असं कादंबरी सांगत असेल, तर ते मैत्रिणीने बोललंच पाहिजे.

पण 'टवाळ पोरगा' हा निकाल झाला. त्यावर लेखिकेने करायचं काय? एक तर मान खाली घालायची, नाहीतर भांडायचं. तिच्या कागदावर नेमक्या कोणत्या ओळीपाशी तुम्ही नायकाला सोडलंत, ते तिला कळलंच नाही. समजा तुम्ही म्हणाला असता, 'दुसऱ्या प्रकरणात ती फोन ठेवते आणि तो लगेच पुन्हा लावतो, तिथं मला त्या पोरीची काळजी वाटायला लागली. तिथं मला काय वाटावं असं तुझ्या मनात होतं?' मग तिला बोलायला जागा मिळाली असती. कदाचित ती म्हणाली असती, 'मला तो अगतिक दाखवायचा होता.' अगतिक माणूस दाखवायला दहा वाटा आहेत. तो एकदा आपला नंबर देऊन निघून जाऊ शकतो आणि मग रोज रात्री फोन उशाशी ठेवून झोपू शकतो. वाट बघणं त्याच्या वाट्याला, हो-नाही म्हणणं तिच्या हातात. पण ही वाट तिची तिला सापडू द्यायची. तुम्ही लिहून दिलीत तर ते प्रकरण तुमचं होईल.

आमच्या लातूरच्या गटाची रीत सांगते. लिहिणारी आपलं प्रकरण छापून आणते, प्रत्येकीला एक प्रत. ती स्वतः मोठ्याने वाचते, बाकीच्या पेन्सिल घेऊन बसतात. जिथं मन रमलं तिथं समासात सरळ रेघ. जिथं डोळा ओळी गाळून पुढे पळाला तिथं फुली. जिथं पटलं नाही तिथं प्रश्नचिन्ह. वाचन संपेपर्यंत कुणी बोलत नाही, आणि आपापले कागद पुढे ठेवून झाल्याशिवाय लिहिणारीने खुलासा करायचा नाही. खुलाशाची घाई प्रत्येकीला असते, पण छापलेल्या पुस्तकासोबत लेखिका वाचकाच्या घरी जात नसते. चार कागदांवर एकाच ओळीला फुली दिसली की वाद उरतच नाही. एकाच कागदावर असेल तर ती त्या बाईची आवड, लिहिणारीने हवं तर सोडून द्यावी.

एक उदाहरण देते, लिहिणारीच्या परवानगीने. आमच्यातली एक बँकेत आहे. तिच्या कथेत नायिका पावसात लातूरच्या स्टँडवरून औशाच्या गाडीत बसते, आणि मागच्या सीटवर चार वर्षांनी तो दिसतो. वाक्य होतं, 'त्याला पाहताच तिच्या हृदयाची धडधड वाढली.' सगळ्यांच्या फुल्या तिथंच. कुणी तिला दुसरं वाक्य सुचवलं नाही. फक्त एकीने विचारलं, 'अगं, त्या वेळी तिच्या हातात काय आहे?' पुढच्या बैठकीत ती लिहून आली: कंडक्टर समोर उभा, नायिका पर्समधून सुट्टे पैसे काढतेय, मोजतेय, चुकतेय, परत मोजतेय, कंडक्टर म्हणतो, 'ताई, एवढे नाही लागत.' आणि मागून त्याचा आवाज येतो, 'अजूनही हिशोब कच्चाच.' धडधड हा शब्द गेला आणि आम्हा सगळ्यांना ती ऐकू आली. त्या वाक्यात आमचं कुणाचं काही नाही, ते पूर्ण तिचं आहे. तरी त्या प्रश्नावाचून ते झालं नसतं, असं ती स्वतः सांगते. गट कशासाठी, असं कुणी विचारलं की मी हेच सांगते.

कौतुकालाही हाच नियम लावा. 'मस्त गं, एकच नंबर' याने लिहिणारीच्या पदरात काही पडत नाही. कोणती ओळ मस्त, ते सांगितलं तर तिला आपल्या हातातलं बळ कळतं, आणि पुढच्या वेळी तिथं ती बेधडक जाते.

आता तुमच्या मैत्रिणीचं. व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज टाकू नका, रुसलेल्या माणसाला तो नोटिशीसारखा वाटतो. तिची प्रकरणं पुन्हा वाचा, पेन्सिल घेऊन, आवडलेल्या जागांवर आधी रेघा ओढा आणि तो कागद घेऊन तिच्या घरी जा. सगळ्यांसमोर बोलल्याचं वाईट वाटतं हे सांगा, पण नायकाबद्दलचं मत मागे घेऊ नका. मत मागे घेतलंत तर पुढे तुम्ही केलेल्या कौतुकावरही ती विश्वास ठेवणार नाही. तिने त्या दिवशी कागद बाजूला सारला तरी चालेल, तो तिच्याकडेच ठेवून या.

मी गटात एक कल्पना सांगितली होती. पुण्याला नोकरी करणारी मुलगी सोयाबीनच्या काढणीला गावी येते आणि पंजाबातून हार्वेस्टर घेऊन आलेल्या ड्रायव्हरच्या प्रेमात पडते. दोन महिन्यांनी गटातल्याच मैत्रिणीने ऑनलाइन मालिका सुरू केली, त्यात गव्हाची काढणी आणि हार्वेस्टरवाला! ही चोरी नाही का? कायद्याने काही करता येतं का? – परभणी

कायद्यापुरतं आधी सांगते, म्हणजे तो विषय संपेल. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्याचं संरक्षण मिळतं ते लिहिलेल्या मजकुराला, त्याच्या मांडणीला. नुसत्या कल्पनेवर कुणाचाच हक्क नसतो. तिने तुमचे परिच्छेद, तुमचे संवाद उचलले असते तर गोष्ट वेगळी होती. नोंदणी केलेली नसली तरी लिहिल्याक्षणी तो हक्क लेखिकेचा होतो, त्यासाठी कुठल्या कार्यालयात जावं लागत नाही. त्यामुळे आपले खर्डे तारखेसकट जपून ठेवा, स्वतःला मेल करून ठेवा.

राहिली मैत्री. प्रेमकथेचा सांगाडा सगळ्यांचा सारखाच असतो. दोघं भेटतात, काहीतरी आड येतं, शेवटी ते जुळतं किंवा जुळण्याची आशा तरी उरते. अमेरिकेतल्या प्रेमकथा लेखकांच्या मोठ्या संघटनेने या प्रकाराची व्याख्या केली तीही एवढीच: मध्यभागी प्रेमाची गोष्ट आणि मनाला समाधान देणारा, आशेचा शेवट. एवढ्याशा अंगणात शेकडो लेखिका वावरतात तर एकमेकींना धक्का लागणारच. परभणीकडच्या दोघींना हार्वेस्टर दिसला यात नवल नाही, हंगामात ती मशीनं रस्त्याने जाताना सगळ्यांनाच दिसतात.

पण तुमची दुखरी जागा हार्वेस्टरची नाही असं मला वाटतं. तिने सांगितलं नाही, हे लागलंय. 'तू बोललीस आणि माझ्या डोक्यात ते घोळायला लागलं, लिहू का?' एवढं तिने विचारलं असतं तर तुम्ही बहुधा हो म्हणाला असता. तिला हेच सांगा, दोघीच असताना. तिच्या मनात ते खरंच आधीपासून असेल तर तेही ऐकून घ्या. आणि गटात इथून पुढे एक सवय लावा: बोलता बोलता निघालेली कल्पना आणि 'यावर मी लिहितेय' असं जाहीर केलेली कल्पना, या दोन वेगळ्या. दुसऱ्या प्रकारची गटाच्या वहीत तारीख घालून लिहायची. तिला दुसरीने विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

तुमची कथा मात्र लिहाच. तुमच्या मुलीला रानात पाय ठेवल्यावर काय वाटतं, शेंगा तडकायच्या आत काढणी उरकायची घाई, वडिलांचं कर्ज, ड्रायव्हरच्या मोबाइलवर लागणारी पंजाबी गाणी, हे तुम्ही पाहिलंय. गव्हाच्या रानात ते येणार नाही.

ताई, मी सासरी राहते. रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर लिहिते, टोपणनावाने. गटातल्या मैत्रिणींशिवाय कुणाला माहीत नाही. मध्यंतरी नात्यातल्या एकीला कळलं तर म्हणाली, 'चांगल्या घरातल्या बाईने असलं लिहावं का?' तेव्हापासून हात थबकलाय. जवळिकीचे प्रसंग तर लिहवतच नाहीत. – नाव-गाव छापू नये

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. 'असलं' म्हणजे कसलं, हे त्या बाईंना विचारायला हवं.

गोदाकाठचं पैठण आपल्याच मराठवाड्यातलं. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती त्याच पैठणशी, म्हणजे तेव्हाच्या प्रतिष्ठानाशी जोडलेली आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातेकशे गाथा, आपल्या मराठीच्या पूर्वजभाषेतल्या. त्यात देवादिकांपेक्षा तुझ्या-माझ्यासारखी माणसं जास्त आहेत. नांगर धरणारा शेतकरी, परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी, सासू-नणंदेच्या नजरा चुकवून डोळ्यांनी बोलणारी सून, गोदेकाठी भेटणारे दोघं. एकाने लिहिलेलं ते पुस्तकच नाही, कितीतरी जणांच्या गाथा एकत्र केलेल्या आहेत आणि त्यात स्त्री कवींचीही नावं परंपरेने सांगितली जातात. बायकांच्या मनातलं आणि देहातलं प्रेम आपल्या मातीत दोन हजार वर्षांपासून शब्दांत मांडलं जातंय. विद्यापीठात ते शिकवतात, विद्वान त्यावर ग्रंथ लिहितात. तेव्हा चांगल्या घरातली बाई काय लिहिते, याची काळजी तू करू नकोस.

जवळिकीच्या प्रसंगाबद्दल. तो तुझ्या कथेला हवा असेल तरच लिही. वाचक मागतात किंवा त्याने वाचनं वाढतात, एवढ्यासाठी लिहू नकोस. हवा असेल तर लिहिताना स्वतःला विचार, या प्रसंगानंतर दोघांमधलं काय बदललं? तिला पहिल्यांदा स्वतःच्या मनाने काही मागता आलं का? असं काही बदलत असेल तर प्रसंग आपोआप शालीन होतो, त्याला झाकपाक लागत नाही. गटात तो मोठ्याने वाचायचा संकोच वाटत असेल तर वाचू नको. आमच्याकडे असे भाग कागदावरच फिरतात, प्रत्येकीने मनात वाचायचे आणि खुणा करून परत द्यायचे. प्रती घरी न्यायच्या नाहीत.

आणि ही गोष्ट तुझ्या मैत्रिणींसाठी लिहिते, त्यांनी हे सदर वाचावं. गटातलं लिखाण फॉरवर्ड होत नाही. स्क्रीनशॉट काढायचा नाही, नवऱ्याला गंमत म्हणून दाखवायचा नाही, टोपणनावामागची बाई कोण हे बहिणीलाही सांगायचं नाही. एखाद्या बाईने आपलं घर आणि आपलं लिखाण या दोन्ही गोष्टी तुमच्या हवाली केल्यात. गटात नवीन कुणाला घ्यायचं तर टोपणनावाने लिहिणारीला आधी विचारा, तिने नको म्हटलं तर कारण विचारू नका.

तू त्या नातेवाईक बाईंना काही समजावायला जाऊ नकोस. तुझी गोष्ट अर्ध्यावर आहे, आधी ती पूर्ण कर.

आम्ही दोघी मैत्रिणी मिळून कादंबरी लिहीत आहोत. एक प्रकरण नायकाच्या बाजूने, एक नायिकेच्या. प्रकाशक तयार आहेत. नाव कुणाचं आधी, पैसे कसे वाटायचे, हे बोलायला संकोच वाटतो. मैत्रीत व्यवहार आणावा का? – नांदेड

आणावा, आणि आजच आणावा. संकोचापोटी न बोललेला व्यवहार पुढे दोघींच्याही मनात कुजतो.

दोघींनी मिळून लिहिलेल्या कृतीबद्दल कायद्यात एक बारकावा आहे. जिथं एकीचा वाटा दुसरीच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही, तिला संयुक्त लेखनाची कृती म्हणतात. अशा कृतीचा हक्क दोघींपैकी जी नंतर जाईल तिच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. तुमची प्रकरणं मात्र सरळ वाटलेली आहेत, कोणतं कुणाचं हे बोट ठेवून दाखवता येईल. म्हणून कादंबरी दोघींची मिळून एक, असं तुमच्या मनात असेल तर ते साध्या कागदावर लिहून दोघींनी सह्या करा. त्यातच हेही लिहा: पैसे निम्मे-निम्मे की कसे, भाषांतराचे, ऑडिओचे, मालिकेचे हक्क द्यायचे झाले तर दोघींची संमती लागेल की एकीची पुरेल, एकीने मध्येच सोडलं तर दुसरीने पुढे लिहायचं का, तीच पात्रं घेऊन दुसरा भाग कुणी लिहायचा. नावाच्या क्रमाचा तिढा असेल तर अकारविल्हे लावा.

प्रकाशकाचा करारही दोघींनी मिळून वाचा, घाईत सही करू नका. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीनिशी असावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरता. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं कुठे दिसलं तर थांबा आणि ओळखीच्या वकिलाला दाखवा.

लिखाणाचं एकच सांगते. दोन हातांची कादंबरी प्रकरणांच्या सांध्यावर उघडी पडते. एकीच्या प्रकरणात नायिका चहा पीत नाही आणि दुसरीच्या प्रकरणात पिते, असं होऊ द्यायचं नसेल तर पात्रांची एक वही दोघींत ठेवा: वय, सवयी, घर, कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं. आणि शेवटी एकदा अदलाबदल करून, तिची प्रकरणं तुम्ही आणि तुमची तिने, मोठ्याने वाचून काढा.

गटात किती जणी असाव्यात? एका वेळी किती वाचावं? – जालना

चार ते सहा. त्याहून जास्त झाल्या की बोलायच्या जणी तीनच उरतात. एका बैठकीत दोघींचंच वाचावं, प्रत्येकीची आठ-दहा पानं, आणि जिचं वाचायचं नाही तिने चुरमुऱ्यांचा सुशीला करून आणावा म्हणजे खाण्यापिण्याचा गोंधळ एकीवर पडत नाही. लिहून न आणता नुसतं ऐकायला सारखं सारखं येणाऱ्यांना प्रेमाने विचारावं, अडलंय कुठे? बहुतेक वेळा घरातलं काहीतरी निघतं, आणि ते ऐकायलाही गट हवाच.

माझी नायिका उदगीरची आहे. तिचे संवाद मी आमच्या बोलीत लिहिले, 'काय करलालास', 'काहून बोलत न्हाईस'. गटात दोघी म्हणाल्या, प्रेमाचे प्रसंग या भाषेत विनोदी वाटतात, प्रमाण भाषेत लिही. एक म्हणाली, अजिबात बदलू नको. मी काय करू? – उदगीर

मी त्या एकीच्या बाजूची आहे. आपली बोली सिनेमा-मालिकांत नोकर, गावगुंड किंवा हसवणारा मामा यांच्या तोंडी घालून घालून तिच्यातून प्रेम व्यक्त होत नाही असं आपल्यालाच वाटायला लागलंय. उदगीरला तर कन्नड, तेलुगू, दखनी अशा शेजारणी आहेत, तिथल्या माणसाने प्रेमात पडायला पुण्याची भाषा का शिकावी? तुझ्या त्या दोन मैत्रिणी घरी नवऱ्याशी कोणत्या भाषेत बोलतात, ते त्यांना विचार.

तरी त्यांची तक्रार उडवून लावू नको. त्यांना हसू आलं ते कुठे आलं, हे त्यांच्याकडून ओळीवर बोट ठेवून घे. कधी कधी दोष बोलीचा नसतो. लेखिका प्रत्येक शब्द बोलीतला करायला जाते आणि संवाद वाचतानाच अडखळायला लागतो. क्रियापदाची रूपं ठेव, एखादा खास शब्द ठेव, उच्चाराप्रमाणे सगळं लिहायचा अट्टहास सोड. आणि निवेदनाची भाषा कोणती, हे एकदा ठरवून शेवटपर्यंत तीच ठेव.

मग एक कर. ज्या दोघींना विनोदी वाटलं त्यांनाच तो प्रसंग वाचायला दे, एक नायक, एक नायिका. तू वाचू नको, नुसती ऐक. जिथं त्या स्वतः हसतील तिथं फुली मार. जिथं आवाज खाली येईल, तिथं एक अक्षरही बदलू नकोस.